नव्या रॉक ध्वनिमुद्रिका : एका श्रोत्याचे अभिप्राय

संगीताविषयी लिहिताना ‘मला असे वाटले’ या शब्दांनी आरंभ करणाऱ्या लेखनाकडे विद्यापीठीय वर्तुळात काहीशा संशयाने पाहिले जाते. असे लेखन म्हणजे फार तर आस्वाद होय, समीक्षा नव्हे, असा एक सर्वसाधारण समज आहे. हा संशय सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडणारे’, ‘अविस्मरणीय’ या विशेषणांची माळ ओवून झाली की अभिप्राय पूर्ण झाला असे मानणारे लेखक प्रत्येक पिढीत असतात, आणि त्यांच्या लेखनातून गाण्याविषयी काहीच कळत नाही. लेखकाची प्रकृती त्या दिवशी बरी होती एवढेच कळते. तथापि मराठीतील संगीतसमीक्षेचा पाया ज्यांनी घातला त्यांचे लेखनही मुळात रसिकाच्या अभिप्रायांचेच होते, याचा विसर पडू नये. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांविषयी जे लिहिले त्यात त्यांचे स्वतःचे ऐकणे पदोपदी डोकावते. वामनराव देशपांडे हे व्यवसायाने हिशेबतपासनीस. परंतु १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘घरंदाज गायकी’ या ग्रंथात स्वर आणि लय यांच्या दोन टोकांमध्ये घराण्यांची जी मांडणी आढळते, ती कोठल्याही प्रयोगशाळेत सिद्ध झालेली नव्हती. ती कानांनी केलेली होती. तेव्हा व्यक्तिगत अभिप्राय हा दोष नव्हे. काय ऐकू आले हे न सांगता केवळ काय वाटले एवढेच सांगणे, हा दोष होय.

प्रस्तुत टिपणात गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध झालेल्या तीन रॉक संग्रहांविषयीचे अभिप्राय नोंदविण्याचा विचार आहे : रोलिंग स्टोन्स या वृंदाचा ‘हॅक्नी डायमंड्स’ (ऑक्टोबर २०२३), फाँटेन्स डी. सी. या डब्लिनच्या वृंदाचा ‘रोमान्स’ (ऑगस्ट २०२४) आणि द क्युअर या वृंदाचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ (नोव्हेंबर २०२४). भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने या वाटेला का जावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, गीतांच्या अभ्यासाची जी पद्धत अलीकडे आपल्या प्रबंधिकांतून रूढ होऊ पाहत आहे ती प्रस्तुत लेखकास चिंताजनक वाटते. गीताचे शब्द कागदावर उतरवून घ्यावयाचे, त्यांतील आशयसूत्रे मोजावयाची, एखाद्या सिद्धांताची चौकट त्यांवर बसवावयाची आणि निष्कर्ष काढावयाचा, अशी ही पद्धत आहे. या सर्व खटाटोपात गाणे एकदाही ऐकावे लागत नाही! कविता म्हणून वाचली असता सामान्य ठरणारी ओळ गाण्यात असामान्य का ठरते, हा या विषयातील खरा प्रश्न. आणि तोच या पद्धतीच्या जाळ्यातून निसटून जातो.

रॉक संगीतातील उच्चारांचा अभ्यास मात्र भाषाविज्ञानाला नवा नाही. पीटर ट्रडगिल या ब्रिटिश समाजभाषावैज्ञानिकाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात ब्रिटिश गायकांच्या उच्चारांची छाननी केली आहे. बोलताना हे गायक आपल्या गावची इंग्रजी बोलतात आणि गाऊ लागले की अमेरिकन वळणाचे उच्चार करू लागतात, हे त्याने दाखवून दिले. दक्षिण इंग्लंडच्या बोलीत स्वरानंतरचा ‘र’ उच्चारला जात नाही (आपण देवनागरीत ‘गिटार’ असे लिहितो, त्यातील शेवटचा ‘र’ लंडनकराच्या तोंडी नसतोच). हा नसलेला ‘र’ १९६० नंतरच्या आरंभीच्या ब्रिटिश गाण्यांत आवर्जून आणलेला दिसतो आणि त्या दशकाच्या अखेरीस तो ओसरत जातो. बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांत ही उतरण ट्रडगिलने आकड्यांनिशी मांडली. ज्या संगीताची प्रतिष्ठा अमेरिकेची, त्याचा उच्चारही अमेरिकेचा. आणि आपले संगीत आपले वाटू लागले की उच्चारही घरी परततो, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. पुढे न्यूझीलंडमधील गायकांविषयी अभ्यास झाला, त्यातून या चित्राला एक महत्त्वाची पुस्ती जोडली गेली : गाताना अमेरिकन वळणाचा उच्चार हाच आता आपोआप होणारा उच्चार झाला असून, आपल्या बोलीत गावयाचे तर गायकाला मुद्दाम प्रयत्न करावा लागतो.

मराठी वाचकाला यात विलक्षण काही वाटण्याचे कारण नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी घेऊन महाराष्ट्रात आले तेव्हापासून मिरज, कोल्हापूर, पुणे येथील गायक ब्रजभाषेतील बंदिशी गात आले आहेत. घरी मराठी आणि मैफलीत ब्रज, ही आपल्याकडील ख्यालगायनाची नित्याची स्थिती आहे. ब्रजभाषेच्या जाणकाराला त्या उच्चारांत मराठी कानाकोपरे ऐकू येतात; आपल्याला ते बंदिशीचेच उच्चार वाटतात. परभाषेत गाणे म्हणजे खोटे गाणे, असा निकाल देण्याची घाई म्हणूनच करू नये. तथापि या दोहोंत एक भेद आहे. ख्यालगायक ब्रजभाषक असल्याचा आव आणीत नाही. रॉक गायकाला मात्र गाताना कोणीतरी ‘मी’ व्हावे लागते, आणि तो ‘मी’ कोठला, हे त्याच्या उच्चारावरून ठरते.

आता ‘हॅक्नी डायमंड्स’कडे वळू. हा संग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा मिक जॅगर यांचे वय ऐंशी होते. २००५ सालच्या ‘अ बिगर बँग’नंतर या वृंदाने स्वतःच्या नव्या गाण्यांचा संग्रह काढला नव्हता, मध्यंतरी २०१६ साली ‘ब्लू अँड लोनसम’ निघाला, पण त्यात इतरांची जुनी ब्लूज गीते होती. ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रमवादक चार्ली वॉट्स यांचे निधन झाले. त्यांनी आधी वाजवून ठेवलेले वादन या संग्रहातील दोन गाण्यांत वापरलेले आहे. बाकीच्या गाण्यांत त्यांची जागा स्टीव्ह जॉर्डन यांनी घेतली आहे. ही माहिती आधी ठाऊक असेल तर ती दोन गाणी आपण वेगळ्या कानांनी ऐकतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तरीही त्यांतील ‘लिव्ह बाय द स्वॉर्ड’ या गाण्यात ठेक्याची जी किंचित मागे रेललेली चाल आहे ती इतर गाण्यांत नाही, असे माझे मत आहे. गिटार पुढे धावते आणि ड्रम तिला पदराला धरून मागे ओढतो, अशी या वृंदाची मूळ रीत. जॉर्डन यांचा ठेका भक्कम आहे, निर्दोष आहे. पण तो गिटारच्या खांद्याला खांदा लावून चालतो.

संग्रहाचे नाव लंडनच्या रस्त्यावरचे आहे. हॅक्नी हा लंडनचा एक भाग. मोटारीच्या काचा फोडून चोरी झाल्यावर रस्त्यावर जो चुरा चमकतो त्याला तेथील बोलीत ‘हॅक्नीचे हिरे’ म्हणतात. असे नाव दिल्यावर गाणीही लंडनच्या बोलीत असतील अशी अपेक्षा होते. ती बहुतेक गाण्यांत पुरी होत नाही. पहिली तीन-चार गाणी आजच्या ध्वनिमुद्रणाच्या फार गुळगुळीत तंत्राने घोटलेली आहेत, आणि त्यांतील उच्चार जॅगर यांचा गेल्या साठ वर्षांचा ठरीव अमेरिकन उच्चार आहे. यांतील एखादे गाणे गाळले असते तर संग्रहाचे काही बिघडले नसते. परंतु ‘होल वाइड वर्ल्ड’ या गाण्यात फुलम भागातील जुन्या गलिच्छ बिऱ्हाडाची आणि तरुणपणच्या दिवसांची आठवण येते, आणि तेथे उच्चार एकदम लंडनचा होतो, इतका की तो मुद्दाम वठवलेला वाटावा. या ठिकाणी माझा कान साशंक झाला. ही स्वतःची बोली आहे की स्वतःच्या बोलीची नक्कल? साठ वर्षे परक्या उच्चारात गायलेल्या माणसाला घरचा उच्चारही भूमिकेसारखा अंगावर चढवावा लागतो, असे तर हे नव्हे? न्यूझीलंडच्या अभ्यासाची येथे आठवण होते.

याउलट शेवटचे गाणे. ‘रोलिंग स्टोन ब्लूज’ हे मडी वॉटर्स यांनी १९५० साली ध्वनिमुद्रित केलेले गीत. याच गीतावरून वृंदाला नाव मिळाले. १९६१ साली डार्टफर्डच्या रेल्वे स्थानकावर जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा जॅगरच्या हातात चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या ध्वनिमुद्रिका होत्या, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या मडी वॉटर्सचे गीत हे दोघे वयाच्या ऐंशीच्या आसपास, केवळ एक गिटार, एक हार्मोनिका आणि एक आवाज एवढ्या सामग्रीवर गातात. ना ड्रम, ना पाहुणे कलावंत. आता सिद्धांताच्या दृष्टीने पाहिले तर संग्रहातील सर्वांत उसना उच्चार याच गाण्यात असावयास हवा, कारण येथे केंट परगण्यातला इंग्रज मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय गायकाचे गीत गात आहे. प्रत्यक्षात कानाला ते सर्वांत अकृत्रिम वाटते. असे का व्हावे?

याचे एक कारण शुद्ध ध्वनिविज्ञानाचे आहे असे मला वाटते. अमेरिकन उच्चाराची खूण म्हणून ज्या ‘र’चा उल्लेख वर केला तो ‘र’ दक्षिणेकडील जुन्या ब्लूज गायकांच्या तोंडीही बहुधा नसतो. साठ-बासष्ट साली इंग्लंडमध्ये ज्यांनी ‘अमेरिकन’ म्हणून तो ‘र’ उचलला, ते आपल्या मूळ आदर्शापासून एक पाऊल दूरच गेले होते. ‘रोलिंग स्टोन ब्लूज’मध्ये तो ‘र’ गळून पडतो, आणि त्याच्या गळण्यात मिसिसिपी व लंडन या दोन्ही बोली क्षणभर एकत्र येतात. जो उसना आहे तो ‘आय’ या संयुक्त स्वराचा सपाट, लांबलेला ‘आ’. तो जॅगर यांनी इतका मुरवला आहे की तो आता त्यांचा अभिनय राहिलेला नाही. ती त्यांची गाण्याची मातृभाषाच झाली आहे. ‘ब्रिटिश गायक अमेरिकन उच्चार करतात’ हे विधान पाठ करून बसलेल्या विद्यार्थ्याला येथे काहीच ऐकू येणार नाही. कोणता उच्चार, कोणत्या अमेरिकेचा, कोणत्या वयात, हे विचारले तरच गाणे बोलू लागते. २००३ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर हा वृंद येऊन गेला. तेथे गेलेल्या श्रोत्यांना जे जॅगर दिसले ते धावणारे, नाचणारे जॅगर होते. या शेवटच्या गाण्यातील जॅगर खुर्चीत बसलेले आहेत, असे निदान आवाजावरून वाटते.

द क्युअर या वृंदाचा संग्रह याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. सोळा वर्षांनी निघालेला, आठच गाण्यांचा, सुमारे पन्नास मिनिटांचा. ‘अलोन’ या पहिल्या गाण्यात गायकाचा आवाज येण्यापूर्वी तीन मिनिटांहून अधिक काळ केवळ वाद्ये वाजत राहतात. ‘एंडसाँग’ या शेवटच्या, दहा मिनिटांच्या गाण्यात ही प्रतीक्षा सहा मिनिटांच्याही पुढे जाते. आपल्याकडील श्रोत्याला येथे आलापाची आठवण होईल, आणि माझ्या मते ती फसवी आहे. आलापात राग उलगडत जातो. दर क्षणी काही नवे प्रकट होते. येथे काहीच उलगडत नाही. तेच स्वरमेळ त्याच क्रमाने फिरून फिरून येतात, वर थर चढत जातात, आणि श्रोता कंटाळ्याच्या सीमेपर्यंत नेला जातो. ही प्रतीक्षा हाच या गाण्यांचा आशय आहे. माणूस बोलण्यापूर्वी किती वेळ गप्प बसू शकतो, आणि त्या गप्प बसण्याचा पुढील शब्दांवर काय परिणाम होतो, हे जणू मोजून दाखविले आहे. संभाषणातील विरामाचा अभ्यास करणाऱ्यांना हे सहज समजेल.

रॉबर्ट स्मिथ यांचे शब्द कागदावर वाचले तर निराशा होईल. ‘अलोन’मागे अर्नेस्ट डाउसन या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रज कवीच्या ‘ड्रेग्ज’ या कवितेची प्रेरणा आहे. परंतु डाउसनची घडीव रचना येथे नाही. सर्व काही संपते, कोणी उरत नाही, काळ निघून गेला, या पलीकडे शब्द जात नाहीत. पदव्युत्तर परीक्षेत अशी कविता कोणी लिहून दिली तर तिला उत्तीर्ण करणे अवघड जाईल. पण स्मिथ त्या शब्दांतील स्वर लांबवतात, आणि तेथे निराळेच काही घडते. (मराठीत ‘स्वर’ हा शब्द व्याकरणाचा आणि संगीताचा असा दुहेरी आहे. शास्त्रीय लेखनात या दुहेरीपणाचा त्रास होतो, पण येथे तो उपयोगी पडतो.) ‘अलोन’ या शब्दातील ‘ओ’ दक्षिण इंग्लंडच्या बोलीत एकजिनसी नसतो, तो जिभेच्या मध्यभागी सुरू होतो आणि ओठांच्या गोलाईकडे सरकत जातो. बोलताना हे सरकणे क्षणार्धात होते. स्मिथ ते सावकाश करतात, आणि त्या सरकण्यातच सूर किंचित खाली उतरतो. एकटेपण शब्दात सांगितलेले नाही. ते त्या संयुक्त स्वराच्या प्रवासात आहे, असे मी म्हणेन. स्मिथ यांनी अमेरिकन ‘ओ’ वापरला असता तर हे गाणे उभे राहिले नसते. पासष्टाव्या वर्षीही त्यांचा आवाज चाळीस वर्षांपूर्वीचाच वाटतो, आणि त्यामुळे तरुण आवाजात वृद्धाचे शोक ऐकू येतात. थोरल्या भावाच्या मृत्यूवरील ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ या गाण्यात हा विरोध सर्वांत तीव्र होतो. पियानोवरची एक साधी स्वरावली तेथे शेवटपर्यंत सोबत करते. ‘वॉरसाँग’ आणि ‘ड्रोन:नोड्रोन’ या दोन गाण्यांविषयी विशेष लिहावेसे वाटत नाही. त्यांत गोंगाट पुष्कळ आहे, एवढेच.

‘रोमान्स’ या तिसऱ्या संग्रहाची भाषिक बाजू सर्वांत गुंतागुंतीची आहे. फाँटेन्स डी. सी. या नावातील दोन आद्याक्षरे ‘डब्लिन सिटी’ची आहेत. गायक ग्रियन चॅटन यांच्या उच्चारात स्वरानंतरचा ‘र’ स्पष्ट ऐकू येतो. वरवर ऐकणारा याला अमेरिकन म्हणेल. पण आयर्लंडच्या इंग्रजीत हा ‘र’ मूळचाच आहे. जॅगर यांच्या तोंडी जो ‘र’ येतो तो समुद्रापलीकडून आणलेला. स्मिथ यांच्या तोंडी तो नाहीच. चॅटन यांच्या तोंडी तो गल्लीतला. एकाच ध्वनीला तीन ठिकाणी तीन अर्थ. ध्वनी मोजून थांबणाऱ्या अभ्यासाची मर्यादा येथे उघड होते.

या वृंदाला भाषेचे प्रश्न परके नाहीत. २०२२ सालच्या त्यांच्या ‘स्किंटी फिया’ या संग्रहाचे नावच आयरिश भाषेतील एका सौम्य शिवीवरून घेतलेले आहे, आणि त्यातील पहिले गाणे कॉव्हेंट्री येथील एका थडग्याविषयी आहे. तेथील एका आयरिश कुटुंबाला आईच्या थडग्यावर ‘सदैव आमच्या हृदयात’ या अर्थाचे आयरिश शब्द कोरावयाचे होते. इंग्रजी भाषांतराशिवाय ते शब्द राजकीय घोषणेसारखे वाटतील, या कारणास्तव २०२० साली चर्चच्या न्यायपीठाने परवानगी नाकारली. २०२१ साली वरिष्ठ पीठाने तो निर्णय फिरवला. मृताच्या थडग्यावर कोणत्या भाषेत शोक करावा याचीही अनुमती घ्यावी लागते, ही वस्तुस्थिती भाषानियोजनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक काही शिकविते. तो आयरिश वाक्यांश गाण्यात मंत्रासारखा पुनःपुन्हा येतो, भाषांतराशिवाय.

‘रोमान्स’मध्ये असे काही नाही, आणि हीच माझी तक्रार आहे. ‘डॉगरेल’ या २०१९ सालच्या पहिल्या संग्रहात डब्लिन प्रत्येक वळणावर भेटत होते. येथे ते शब्दांतून जवळजवळ नाहीसे झाले आहे. ध्वनिमुद्रण भव्य आहे, वाद्यवृंद भरघोस आहे, चाली अधिक गोड आहेत. स्थळ मात्र हरवले आहे. गाव सोडलेल्या माणसाजवळ शेवटी उच्चार तेवढा उरतो. मुंबईत दोन पिढ्या काढलेल्या कोकणी माणसाच्या अनुनासिकांवरून आपण त्याचा तालुका ओळखतो, त्यातला हा प्रकार.

तथापि ‘स्टारबर्स्टर’ या गाण्याने ही तक्रार बरीचशी फेडून टाकली आहे. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर चॅटन यांना अकस्मात भीतीचा झटका आला, त्यातून हे गाणे निघाले. त्याच्या ध्रुवपदात गायक मोठ्याने, घशातून, हवा आत ओढतो. तो आवाज मागे वाजणारा परिणामध्वनी नाही. तो ठेक्यात बसवलेला आहे, ओळीचा घटक आहे, जणू एक अक्षर. मानवी भाषांतील जवळजवळ सर्व ध्वनी बाहेर जाणाऱ्या श्वासावर घडतात. आत येणाऱ्या श्वासावरचे ध्वनी भाषेच्या कडेला असतात : तिखट लागल्यावर आपण ‘स्स्’ करतो तो, किंवा दचकल्यावर निघतो तो. आयर्लंडमध्ये आणि स्कँडिनेव्हियात होकाराचा शब्द श्वास आत घेत उच्चारण्याची लकब मात्र भाषावैज्ञानिकांनी नोंदविलेली आहे. चॅटन यांच्या मनात ती लकब होती असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास पुरावा नाही. पण गाणे म्हणजे श्वास बाहेर सोडणे, या मूलभूत गृहीतावरच येथे आघात केलेला आहे. भीतीविषयीचे शब्द या गाण्यात फारसे नाहीत. शब्द तर भराभर, जवळजवळ असंबद्धपणे ओतले जातात, आणि मग तो श्वास. गीताचे मुद्रित शब्द समोर ठेवून अभ्यास करणाऱ्याच्या कागदावर या ठिकाणी कोरी जागा असेल.

प्रथम ऐकताना मराठी श्रोत्याला या तिन्ही संग्रहांतील निम्मे शब्द कळत नाहीत, ही अडचण नेहमी सांगितली जाते. ती खरी आहे. परंतु तिचा एक फायदाही आहे. अर्थ उशिरा पोहोचत असल्यामुळे ध्वनी आधी पोहोचतात, आणि जे इंग्रजीभाषक श्रोत्याच्या कानाला सवयीने ऐकू येत नाही ते आपल्याला येते. मात्र ते नोंदविण्यास शब्द हवेत. गिटारच्या एका झणत्काराचा दुसऱ्याहून भेद सांगावयाचा झाला की आपली परिभाषा थिटी पडते, आणि आपण ‘कर्कश’ व ‘मधुर’ या दोन खुंट्यांवर सर्व ओझे टांगून मोकळे होतो. ‘रोमान्स’मधील ‘फेव्हरिट’ हे शेवटचे गाणे याचे चांगले उदाहरण होईल. त्यातील गिटारचा नाद उजळ आहे, किंचित ओलसर आहे, आणि त्याच्याखाली चॅटन यांचा आवाज जड, सपाट, अगदी डब्लिनचा आहे. ‘मधुर’ म्हटले तर आवाज सुटतो, ‘खिन्न’ म्हटले तर गिटार सुटते. या दोघांचे नाते सांगणारा एकच मराठी शब्द मला अद्याप सापडलेला नाही, आणि विद्यार्थ्यांपैकी कोणास सुचला तर तो या पत्रिकेकडे अवश्य कळवावा.